मद्यपाशातून मुक्ती आणि सांगाताचा शोध : सावरगावच्या निमित्ताने

(देवस्थानच्या वर्धापनदिन उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



देवस्थानाच्या उत्सवप्रसंगी मद्यपानाचा विषय निघावा, हे काही सज्जनांना अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. परंतु देवासमोर जी गाऱ्हाणी घातली जातात त्यांचा थोडा विचार केला, तर हा विषय देवळाबाहेरचा नाही हे सहज ध्यानात येईल. कोणी आजारपणाचे गाऱ्हाणे घालतो, कोणी मुलीच्या लग्नाचे, कोणी मुलाच्या नोकरीचे. ही सारी मोठ्याने बोलली जातात, पुजारी ती उच्चारतो आणि शेजारी उभे असलेले ऐकतात. एक गाऱ्हाणे मात्र ओठांतल्या ओठांत घातले जाते. ते असते घरच्या माणसाची दारू सुटावी म्हणून. ते घालणारी बहुधा पत्नी असते किंवा आई. पुष्कळदा ज्याच्यासाठी गाऱ्हाणे घातले तो देवळात आलेलाच असतो, पण सभामंडपाच्या मागच्या खांबापाशी, तोंडाचा वास कोणाला येऊ नये अशा बेताने उभा असतो. या माणसाला सांगाती कोठे मिळतील, त्याने ते कसे शोधावे, आणि त्या शोधात देवस्थानासारख्या संस्थेचा काय उपयोग होऊ शकतो, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्या घरचे उदाहरण समोर ठेवले की माणसे संकोचतात आणि शेजाऱ्याचे ठेवले तर रागावतात. म्हणून उदाहरण दूरचे, परंतु मराठी मुलुखातलेच घेतले आहे. मध्य प्रदेशात, विदर्भाच्या सीमेला लागून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके आहेत. कापूस आणि संत्रे पिकविणारा हा प्रदेश पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यकारभार हिंदीत चालत असला, तरी येथील घरांत, शेतांत आणि भजनी मंडळांत मराठीच बोलली जाते. पांढुर्णा हे नागपूर–इटारसी लोहमार्गावरील स्थानक असून त्याला लागूनच, जाम नदीच्या पलीकडच्या काठावर, सावरगाव वसलेले आहे.

सावरगावचे नाव वर्षातून एकदा देशभरच्या वृत्तपत्रांत येते, ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे श्रावण अमावास्येच्या आणि उत्तरेकडील गणनेप्रमाणे भाद्रपद अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण बांधतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी ते तोडून न्यावयाचे आणि सावरगावच्या लोकांनी त्यांना अडवावयाचे, असा हा खेळ आहे. शस्त्र एकच, नदीकाठचे दगड. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली व नदी ओलांडताना दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव झाला, अशी दंतकथा त्यामागे सांगतात. निशाण शेवटी चंडीमातेच्या चरणी अर्पण होते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि आजवर अनेकांचे प्राणही गेले आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, परंतु लोकांनी पुन्हा दगडच उचलले.

या परंपरेची चिकित्सा करणे हा येथील हेतू नव्हे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. या दिवसासाठी प्रशासन दरवर्षी बंदोबस्त करते, जमावबंदीचे आदेश काढते आणि दारूची दुकाने बंद ठेवावयास लावते. ज्याच्या अंगात दारू आहे त्याच्या हातातील दगडाला धरबंध राहत नाही, हे शासनाला कळते आणि गावालाही कळते. परंतु ही समज एका दिवसापुरती असते. दुसऱ्या दिवशी दुकाने उघडतात. नदीच्या पात्रातील दगडफेक थांबते आणि घराघरांतील सुरू होते. तेथे कधी दगडाऐवजी भांडे असते, कधी हात, कधी नुसते शब्द. त्या जखमींची मोजदाद कोणतेही इस्पितळ करीत नाही, आणि घरातल्या या गोटमारीला वर्षाचे सारेच दिवस सारखे असतात.

मग कायमची बंदी हा उपाय नव्हे काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. बंदीचे प्रयोग याच परिसरात पुष्कळ झाले आहेत. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत लोकांच्या मोठ्या चळवळीनंतर १९९३ साली ती आली. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठविण्यात आली. मध्य प्रदेश शासनाने २०२३ साली दारूच्या दुकानांना जोडलेले पिण्याचे अड्डे, ज्यांना तिकडे ‘अहाते’ म्हणतात, ते बंद केले. १ एप्रिल २०२५ पासून तर काही धार्मिक स्थळी दारूविक्रीच बंद केली. पांढुर्ण्याच्या शेजारचे, तापीचे उगमस्थान असलेले मुलताई त्यांत आहे. या उपायांनी नवा माणूस व्यसनाकडे वळण्यास अडथळा होतो आणि स्त्रियांना थोडा दिलासा मिळतो, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्याचे शरीर दारूवाचून राहूच शकत नाही, त्याला कायदा बरे करीत नाही. बंदीच्या गावातला असा माणूस बिनबंदीच्या गावापर्यंत चालत जातो. दुकानाला कुलूप लावता येते, पण तहानेला कोणते कुलूप लावणार? तिच्यासाठी निराळी योजना करावी लागते.

ही योजना किती जणांपर्यंत पोहोचली आहे, त्याचे आकडे पाहण्यासारखे आहेत. भारत सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने देशव्यापी पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयाच्या सुमारे १६ कोटी भारतीयांनी वर्षभरात मद्य घेतले होते. सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना मद्यामुळे उद्भवलेल्या प्रश्नांसाठी मदतीची गरज होती. त्यांपैकी जवळजवळ २ कोटी ९० लाख पूर्णपणे मद्याधीन झालेले होते. आणि अशा मद्याधीन ३८ माणसांमध्ये अवघ्या एकाला काही ना काही उपचार मिळाला होता. इस्पितळात दाखल होऊन उपचार मिळालेले १८० मध्ये एक. बाकीचे गेले कोठे? ते घरीच होते. त्यांच्या बायका उपास करीत होत्या, भाऊ त्यांच्याशी बोलत नव्हते आणि ते स्वतः दर सोमवारी शपथ घेत होते.

या शपथेविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे, कारण देवस्थानाचा तिच्याशी प्रत्यक्ष संबंध येतो. आपल्याकडे दारू सोडविण्याचा पहिला उपाय म्हणजे देवापुढे नारळ ठेवून जन्मभराची शपथ घ्यावयास लावणे. शपथ घेणारा त्या क्षणी खोटे बोलत नसतो. परंतु मद्याधीनता हा आजार आहे. अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेने १९५६ सालीच तसा निर्वाळा दिला आणि आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही मद्याच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश केलेला आहे. आजारी माणसाने जन्मभर आजारी न पडण्याची शपथ घेतली तर ती कशी टिकावी? आठ दिवसांनी शपथ मोडते. मग दारूच्या जोडीला देवद्रोहाची बोचणी येऊन बसते आणि ती बोचणी बुजविण्यासाठी माणूस आणखी पितो. देवळाची पायरी त्याला आता अधिकच उंच वाटू लागते.

दुसरी गोष्ट वैद्यकाची आहे आणि ती प्रत्येक घराला माहीत असणे आवश्यक आहे. जो पुष्कळ वर्षे, रोज, सकाळपासून पितो त्याची दारू घरच्यांनी कोंडून एकाएकी तोडणे धोक्याचे असते. काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. त्यानंतर भ्रम होऊन भिंतीवर नसलेले प्राणी दिसणे, नसलेले आवाज ऐकू येणे असे प्रकार घडतात. यात माणूस दगावतो. तिकडे त्यास कोणी बाहेरची बाधा समजते, कोणी देवीचा कोप. वस्तुतः डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे व जीवनसत्त्वे देऊन हे काही दिवस सुखरूप पार पाडता येतात. म्हणून पहिली पायरी दवाखान्याची आणि दुसरी सांगात्यांची, हा क्रम चुकू नये.

दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाचे शरीर स्वच्छ झालेले असते, पण सायंकाळी सहा वाजता काय करावयाचे हे त्याला ठाऊक नसते. पूर्वीचे मित्र सारे गुत्त्यावरचे, आणि ज्यांनी त्याला टाकले ते परत आलेले नसतात. या रिकाम्या सायंकाळीच तो पुन्हा घसरतो. ही सायंकाळ भरून काढण्याचा जो उपाय जगभर रुजला त्याचा प्रारंभ कसा झाला, ती हकिकत देवस्थानांच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतील ॲक्रन या गावी आला होता. शेअरबाजारात नाव कमावलेल्या या माणसाची दारूने वाताहत केली होती. डिसेंबर १९३४ पासून तो दारूला शिवला नव्हता. ॲक्रनमधले काम फिसकटले, खिसा रिकामा झाला आणि शनिवारी सायंकाळी तो मेफ्लॉवर नावाच्या हॉटेलाच्या दिवाणखान्यात एकटाच येरझारा घालू लागला. एका बाजूस मद्यालय होते आणि तेथून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूस दूरध्वनी होता आणि त्याच्याजवळ गावातील प्रार्थनामंदिरांची यादी लावलेली होती. आपल्याला या घटकेस दुसरा कोणी दारुड्या भेटला पाहिजे, त्याच्याशी बोललो तरच वाचू, असे त्याच्या मनाने घेतले. त्याने यादीतल्या एका धर्मोपदेशकाला दूरध्वनी केला. त्याच्याकडून काही नावे मिळाली आणि त्यांतून अखेर हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत तो पोहोचला. बाई स्वतः मद्य घेणाऱ्या नव्हत्या, पण त्यांच्या ओळखीचे डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद दारूच्या गाळात रुतले होते. दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, बाईंच्या घरी दोघांची भेट झाली. पंधरा मिनिटांत निघावयाचे असे ठरवून आलेले डॉक्टर सहा तासांहून अधिक वेळ बसले. कारण समोरचा माणूस उपदेश करीत नव्हता, स्वतःची कथा सांगत होता. पुढे डॉक्टर एकदा घसरले. परंतु १० जून १९३५ नंतर, १९५० साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. तो १० जून हा ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ अर्थात ए. ए. या सांगाताचा स्थापनादिन मानला जातो.

या हकिकतीतले एक पात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. ते म्हणजे दूरध्वनी घेणारा धर्मोपदेशक. त्याने रोग बरा केला नाही की प्रवचनही दिले नाही. एका अनोळखी दारुड्याचा आवाज ऐकून त्याने दूरध्वनी खाली ठेवला नाही आणि चार नावे सांगितली. एवढ्याशा कृत्याच्या अभावी तो माणूस हॉटेलच्या दुसऱ्या बाजूस गेला असता.

ए. ए. ची पद्धती अत्यंत साधी आहे. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. वर्गणी नाही, नोंदवही नाही, जात-धर्म-पंथ यांची विचारपूस नाही. आठवड्यातील ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी माणसे एका खोलीत बसतात. एकजण उठून आपले नाव सांगतो आणि दारूने आपले काय केले व आता दिवस कसे जातात ते बोलतो. मधे कोणी बोलत नाही, नंतर कोणी निवाडा देत नाही. जन्मभराची शपथ येथे कोणीच घेत नाही. आजचा दिवस दारूवाचून काढावयाचा, उद्याचे उद्या, हा तेथील नेम आहे. बारा पायऱ्यांचा एक आचारक्रम आहे. त्यात आपली असहायता मान्य करणे, आपल्या दोषांची झडती घेणे, ज्यांना दुखविले त्यांची भरपाई करणे आणि दुसऱ्या पीडिताला हात देणे या गोष्टी येतात. ईश्वराचा उल्लेख आहे, परंतु ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे तो मानावयाचा आहे. जुना सभासद नव्याचा पाठीराखा होतो. त्याला ते ‘स्पॉन्सर’ म्हणतात. रात्री दोन वाजता तल्लफ आली तर दार ठोठावण्याचा अधिकार असलेला हा माणूस असतो. खोलीचे भाडे आणि चहाचा खर्च सभासदांच्या ऐच्छिक नाण्यांतून भागतो. बाहेरच्यांची देणगी घेतली जात नाही आणि कोणाचे नाव बाहेर जात नाही.

आपल्या देशात ए. ए. च्या सभा १९५७ पासून मुंबईत भरू लागल्या आणि यथावकाश नागपूर, पुणे, गोवा असा त्यांचा विस्तार झाला. याच विचाराला उपचारांची जोड देणाऱ्या संस्थाही मराठी मुलुखात उभ्या राहिल्या. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. फादर स्वतः या व्याधीतून उठलेले आणि योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यांनी बारा पायऱ्यांना योगासनांची जोड दिली. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात १९८६ साली ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्यामागे मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांचे कष्ट, डॉ. अनिल अवचट यांची लेखणी आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे अर्थसाहाय्य होते. अनिताबाई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली गेले, परंतु काम त्यांच्या कन्येने पुढे चालविले आहे. या दोन्ही संस्थांनी एक गोष्ट पहिल्यापासून ओळखली. केंद्रात काढलेले दिवस हा केवळ आरंभ असतो. खरी कसोटी माणूस आपल्या गावी परतल्यावर लागते आणि तेथे सांगाती नसतील तर सारे मुसळ केरात जाते.

या सांगाताचा खरोखर उपयोग होतो, की ही नुसती भाविकांची समजूत आहे? २०२० साली २७ अभ्यासांचा आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ए. ए. कडे पद्धतशीरपणे वळविलेल्या रुग्णांपैकी वर्षअखेर पूर्ण अलिप्त राहिलेले शंभरात ४२ आढळले आणि अन्य उपचार घेतलेल्यांत ३५. म्हणजे रामबाण नव्हे, पण विनामूल्य मिळणाऱ्या उपायाने महागड्या उपायांच्या बरोबरीने, किंबहुना किंचित पुढे जावे हे थोडे नाही. गोव्याच्या भूमीवरही एक महत्त्वाचा प्रयोग झाला. ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत सामान्य शिक्षण झालेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना तयार करून अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी संवाद करविला. तीन महिन्यांनंतर या पुरुषांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेबाहेर आले. केवळ नेहमीचा उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. आपुलकीने, पण शिकून घेतलेल्या पद्धतीने बोलणारा गावातलाच माणूस उपयोगी पडतो, हा त्याचा अर्थ.

आता सावरगावकडे वळू या. समजा, तेथील एखाद्या गृहस्थाने, किंवा त्याच्या पत्नीने, वाट शोधावयाची ठरविली. तिने आरंभ कोठून करावा? प्रथम सरकारी इस्पितळ, कारण शरीराची सुटका आधी. त्याच दिवशी केंद्र सरकारच्या १४४४६ या विनामूल्य क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. तो व्यसनमुक्तीसाठीच आहे आणि जवळच्या केंद्राचा पत्ता तेथे मिळतो. मनाचा तोल गेला असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर २०२२ पासून चालू असलेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. त्यानंतर नागपूर. रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर. बाजारासाठी आणि इस्पितळासाठी सावरगावचा माणूस तेथे जातच असतो. तेथील ए. ए. च्या सभेला त्याने जावे. काही सभा खुल्या असतात, त्यांना घरचे माणूसही बसू शकते. काही केवळ पीडितांच्या असतात. पहिल्या दिवशी काही बोललेच पाहिजे असे नाही, शेवटच्या बाकावर बसून ऐकले तरी चालते. एका सभेने मन लागले नाही म्हणून सोडू नये, दुसऱ्या गटात जाऊन पाहावे. दर आठवड्याला रेल्वेचे भाडे परवडणार नाही, हे खरे. २०२० नंतर दूरध्वनीच्या पडद्यावर भरणाऱ्या सभांनी ही अडचण पुष्कळ कमी केली आहे. तरीही निदान पहिले काही महिने समोरासमोर बसणे हितावह, कारण पडद्यावर तोंडाचा वास येत नाही.

पत्नीसाठी आणि मुलांसाठी निराळी सोय आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली ‘अल-ॲनॉन’ या नावाने मद्यपींच्या कुटुंबीयांचा सांगात बांधला. मुक्तांगणातही ‘सहचरी’ या नावाने पत्नींचा गट चालतो. नवऱ्याची दारू सुटलेली नसतानाही बाईने तेथे जावे. नवऱ्याचे पिणे हा आपला अपराध नव्हे, बाटल्या लपवून वा कचेरीत खोटे निरोप धाडून आपण त्याला वाचवीत नसून बुडवीत आहो, आणि मार खाणे हे पतिव्रताधर्माचे अंग नव्हे, एवढे तिला तेथे कळते. पुष्कळ घरांत सुधारणेचा प्रारंभ असा पत्नीपासूनच होतो.

वाटेवरचे दोन खड्डे दाखविणे अगत्याचे आहे. रुग्णाला न सांगता दारू सोडवून देण्याच्या जाहिराती रेल्वेमार्गाच्या भिंतींवर रंगविलेल्या असतात. चहातून वा भाजीतून पूड द्यावयास सांगतात. दारूशी वैर करणारे औषध वैद्यकात आहे, पण ते रुग्णाच्या संमतीने व डॉक्टरांच्या नजरेखाली देण्याचे आहे. पोटात ते औषध असताना नकळत दारू घेतली गेली, तर रक्तदाब एकाएकी उतरून प्राणावर बेतते. दुसरा खड्डा म्हणजे माणसाला उचलून नेऊन कोंडणारी, मारझोड करणारी, नोंदणी नसलेली केंद्रे. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला सन्मानाने वागविले जाण्याचा हक्क दिला आहे. नोंदणी आहे की नाही आणि डॉक्टर कोण आहेत, हे विचारल्यावाचून पैसे भरू नयेत.

कोणी म्हणेल, हा सारा परकीय थाट आहे. तसे वाटण्याचे कारण नाही. सावरगाव ज्या वऱ्हाड-नागपूरच्या छायेत आहे, तेथे गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन कीर्तनातून दारूवर प्रहार केले. ज्या १९३५ साली ॲक्रनमध्ये दोन माणसे भेटली, त्याच वर्षी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी मोझरीस गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली आणि सामुदायिक प्रार्थनेचा पाठ गावोगाव दिला. वारकऱ्याच्या गळ्यातील माळ मद्यमांसाचा त्याग सांगते, परंतु ती टिकते ती दिंडीमुळे, सप्ताहामुळे, शेजारी बसून टाळ वाजविणाऱ्यामुळे. एकट्याने न साधणारी गोष्ट मेळ्याने साधते, हे ज्ञान आपल्या संतांनीच घराघरांत पोहोचविले. ए. ए. मध्ये भर पडली ती एवढीच, की येथे कीर्तनकार आणि श्रोता दोघेही त्याच रोगाचे रोगी असतात.

आणि जेथे जवळपास गटच नाही, तेथे काय करावे? उत्तर ॲक्रनच्या हकिकतीतच आहे. तेथेही गट नव्हता. दोन माणसे आणि एक खोली, एवढ्यावर गट होतो. नागपूरला जाऊन सहा महिने, वर्षभर शुद्धीत राहिलेला सावरगावचा एक माणूस आणि नदीच्या पलीकडचा पांढुर्ण्याचा दुसरा, असे दोघे बसले की जाम नदीच्या दोन काठांमध्ये निशाणाखेरीज आणखी एक धागा निर्माण होईल. माणसे आपोआप मिळतात, अडते ते खोलीपाशी. घरी बसावे तर बोभाटा होतो. शाळा सायंकाळी बंद. चहाच्या दुकानात बोलता येत नाही. अशा वेळी गावात एकच वास्तू अशी असते, जिच्या दारातून कोणीही, केव्हाही, कारण न सांगता आत जाऊ शकतो. ती म्हणजे देऊळ.

म्हणून महाजन मंडळींच्या विचारार्थ एक सूचना ठेवावयाची आहे. आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळांतील खोल्या उत्सवाचे दिवस सोडले तर वर्षभर बहुतेक रिकाम्या असतात. त्यांपैकी एक, आठवड्यातून एक सायंकाळ, दीड तासापुरती अशा सांगातासाठी द्यावी. फुकट नव्हे. ते फुकट घेणारही नाहीत. अल्पसे भाडे ठरवून रीतसर पावती द्यावी, म्हणजे कोणाचेच उपकार राहणार नाहीत. देणगीदाराची पाटी लावू नये, उद्घाटन करू नये, समितीच्या सदस्याने डोकावून कोण आले ते पाहू नये. खोलीची किल्ली वेळेवर मिळेल आणि दिवा चालू असेल, एवढीच जबाबदारी घ्यावी. सूचनाफलकावर अभिषेकाच्या दरपत्रकाशेजारी १४४४६ हा क्रमांक लिहावा. पुजाऱ्याला तो पाठ असावा, म्हणजे दबक्या आवाजातले गाऱ्हाणे घातल्यावर तीर्थाबरोबर तोही देता येईल.

यावर दोन आक्षेप येतील. दारुड्यांनी देवळात यावे काय, हा पहिला. ते येतच आहेत. त्यांच्यात महाजनांचे मुलगे आहेत, भाऊ आहेत, पालखीला खांदा देणारे आहेत. फरक इतकाच होईल, की आज ते पिऊन येतात, तेव्हा न पिण्यासाठी येतील. दुसरा आक्षेप, हा सांगात कोणत्याच देवाचा नाही आणि सर्व धर्मांची माणसे त्यात असतात. पण तहान धर्म विचारीत नाही. अग्रशाळा मुळात वाटसरूंसाठीच बांधल्या गेल्या, आणि व्यसनातून घरी परतू पाहणाऱ्या माणसाइतका थकलेला वाटसरू दुसरा कोणता असणार?

घसरलेला माणूस पुन्हा आला तर त्यालाही दार उघडे असावे, कारण या आजारात एकदोनदा घसरणे विरळा नाही. जीर्णोद्धार हा शब्द महाजनांना परिचित आहे. त्यासाठी वर्षानुवर्षे निधी जमविला जातो, दगड निवडून आणला जातो, कळस चढविला जातो. माणसाचा जीर्णोद्धार त्या मानाने स्वस्त आहे. एक खोली, एक दिवा, काही खुर्च्या आणि आतले बोलणे आतच ठेवणारी माणसे एवढे पुरते. समितीच्या पुढील बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा आणि किल्ली कोणाकडे राहील याचा निर्णय व्हावा, एवढीच विनंती.

॥ शुभं भवतु ॥